किल्ख मेइथ्रिन: घरात वेल्श नसलेल्या मुलासाठी वेल्श बालवाडी

२०२१च्या जनगणनेत ब्रिटनमधल्या वेल्समध्ये वेल्श भाषा येणारे जेमतेम १७.८ टक्के निघाले. भाषा पुढच्या पिढीत नेण्याचं बरंच ओझं ‘किल्ख मेइथ्रिन’ या बालवाड्यांवर आहे. दोन वर्षांपासून शाळेत जाईपर्यंतची मुलं इथे येतात. ‘मिदियाद मेइथ्रिन’ ही १९७१ साली स्थापन झालेली संस्था त्यांच्या पाठीशी आहे. पुष्कळ मुलांच्या घरी वेल्शचा एक शब्दही नसतो, आणि ही सोय त्यांच्यासाठी खरोखर उत्तम आहे.

इथल्या बाई वेल्शच बोलतात. हात धुवायची वेळ झाली की ‘गोल्ची दुइलो’: रोज तेच शब्द, तेच हातवारे, तीच चाल. मूल आधी प्रसंग ओळखतं, शब्द मागून येतो. म्हणून प्रत्येक वाक्याला इंग्रजी जोडणाऱ्या बाई असतील तर पद्धत फसते, कारण मूल वेल्श कानाआड करून इंग्रजीची वाट बघायला शिकतं. सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिने, मूल वेल्श बोलतच नाही. घाबरू नका. सांगितलेलं कळतंय का, एवढंच बघा. मूल इंग्रजीत ‘पाणी हवं’ म्हणालं, तर चांगल्या बाई चूक न काढता तेच वेल्शमध्ये म्हणतात आणि पाणी देतात.

खरी परीक्षा मोकळ्या खेळात. किल्ख म्हणजे वर्तुळ, आणि गोल करून गाणी म्हणताना सगळ्याच बालवाड्या छान दिसतात. पाण्याच्या टबाशी आणि भातुकलीच्या कोपऱ्यात मात्र मुलं चटकन इंग्रजीवर घसरतात. घरी वेल्श बोलणारी मुलंही इतरांसाठी भाषा बदलतात, हे सर्वांत दुखणारं. तिथे बाई बसून खेळल्या तरच वेल्श टिकते. दोन वर्षांच्या चार मुलांमागे एक आणि तीन वर्षांपुढच्या आठ मुलांमागे एक मोठं माणूस, असा नियम आहे. एक जण कागदपत्रांत अडकला की तो कोपरा इंग्रजीचा झालाच. भेटीला जाल तेव्हा अर्धा तास तिथेच उभे राहा.

पैशांचं म्हणाल तर तीन-चार वर्षांच्या मुलांना आठवड्याला किमान १० तासांचं शिक्षण मोफत मिळतं. कमावत्या पालकांना ते धरून ३० तासांपर्यंत, वर्षातले ४८ आठवडे. तुमच्या किल्खची या योजनेत नोंदणी आहे का, ते आधी विचारा. बऱ्याच किल्ख पालकांची स्वयंसेवी समिती चालवते आणि फक्त सकाळी काही तास उघड्या असतात. दोघं नोकरीला असाल तर ही मोठी अडचण.

कार्डिफसारख्या शहरातल्या मराठी घरांनी तिसऱ्या भाषेच्या भीतीने मराठी सोडू नये. इंग्रजी रस्त्यावर, टीव्हीवर मिळतेच; मराठी मात्र घराबाहेर कुठून मिळणार? पालकांना वेल्शची तोंडओळख करून देणारा ‘क्लुब कुच’ हा आठ आठवड्यांचा मोफत वर्ग आहे, तो जरूर करा.

चौथ्या वर्षानंतर मूल इंग्रजी शाळेत घातलंत, तर आलेली वेल्श झपाट्याने विरते. वेल्श माध्यमाच्या शाळेत वाचन आधी वेल्शमध्येच शिकवतात आणि इंग्रजी विषय साधारण सातव्या वर्षी सुरू होतो. वेल्श बरीचशी लिहिली तशीच वाचतात, त्यामुळे अक्षरओळख सोपी जाते. पण किल्खमध्ये असल्याने शाळेतली जागा पक्की होत नाही. तो अर्ज स्थानिक कौन्सिलकडे वेगळा करायचा असतो आणि त्याची मुदत चुकवू नका.