तेलाचा हिशेब कोणाच्या वहीतून वाचावा?

जगातील तेलाचे उत्पादन, वापर आणि साठे यांवर दरमहा नजर ठेवायची असेल, तर निवड प्रामुख्याने तीन अहवालांतून करावी लागते: पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा (आयईए), व्हिएन्नाहून निघणारा ओपेकचा, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेचा, आणि अमेरिकी सरकारच्या ऊर्जा माहिती प्रशासनाचा (ईआयए). मी दर महिन्याला तेलबाजारावर छोटे टिपण लिहितो आणि त्यासाठी तिन्ही वाचत आलो आहे.

मागणीच्या अंदाजात हितसंबंध डोकावतात, हे गृहीतच धरावे. 2024 साली मागणी दररोज 22.5 लाख पिंपांनी वाढेल, असे ओपेक त्या वर्षीच्या जुलैपर्यंत सांगत होती, तर आयईएचा अंदाज सुमारे 10 लाखांचा होता. डिसेंबरपर्यंत ओपेकला 16.1 लाखांवर उतरावे लागले. तरीही ओपेकचा अहवाल मी टाकाऊ मानत नाही, कारण सदस्य देशाने स्वतः कळवलेले उत्पादन आणि बाहेरच्या सूत्रांनी मोजलेले उत्पादन अशी दोन्ही कोष्टके त्यात असतात आणि त्यांतील अंतर पुष्कळ काही सांगून जाते. ही बाहेरची सूत्रे कोणती असावीत, यावरही राजकारण होतेच: मार्च 2022 मध्ये ओपेक आणि तिच्या सहकारी देशांनी त्या यादीतून आयईएला वगळले आणि 2025 च्या सुरुवातीला ईआयएलाही.

माझा निर्णय मात्र अंदाजांवरून झाला नाही. तो मागच्या आकड्यांवरून झाला. काही वर्षांपूर्वी एका अहवालातील चालू वर्षाच्या मागणीतून मी माझ्या वहीतला गतवर्षीचा आकडा वजा केला आणि वापर जोरात वाढल्याचे टिपणात लिहून मोकळा झालो. प्रत्यक्षात तेवढी वाढ झालीच नव्हती, गतवर्षीचा आकडाच मागाहून वर नेलेला होता. अशी सुधारणा हा दोष नव्हे. फेब्रुवारी 2022 मध्ये आयईएने चीन आणि सौदी अरेबियातील पेट्रोकेमिकल उद्योगाचा वापर नव्याने मोजून जागतिक मागणी दररोज सुमारे 8 लाख पिंपांनी वाढवली, तेव्हा उत्पादन आणि वापर यांच्या वजाबाकीत साठ्यांमध्ये दिसायला हवी होती, पण कुठेच सापडत नव्हती, अशा ‘हरवलेल्या’ पिंपांचा बराचसा उलगडा झाला. वाचकाची अडचण एवढीच की, खरी वाढ किती आणि सुधारणा किती हे वेगळे काढायला जुन्या अंकांची कोष्टके हाताशी लागतात, आणि माझ्याजवळ तेव्हा ती नव्हती.

ईआयएच्या मासिक अंदाजाचे जुने अंक कोष्टकांसह विनाशुल्क मिळतात, त्यामुळे दोन महिन्यांचे तक्ते शेजारी ठेवून एखादा आकडा कधी सरकला हे मला काही मिनिटांत शोधता येते. आयईएचा संपूर्ण अहवाल सशुल्क आहे. विकसित देशांतील साठ्यांचे विवेचन त्यात सर्वांत सखोल असावे, असे माझे मत आहे, आणि ज्यांचे कार्यालय वर्गणी भरते त्यांनी कदाचित तोच घ्यावा.

ईआयएचेही दुखणे आहेच. दर बुधवारी, आपल्याकडे रात्री आठच्या सुमारास (हिवाळ्यात नऊ वाजता), अमेरिकेच्या साठ्यांचे साप्ताहिक आकडे येतात. त्यांत जमाखर्च जुळवण्यासाठी ‘समायोजन’ अशी एक ओळ असते आणि कधीकधी ती इतकी फुगते की, साठ्यातील घट खरी की कागदी असा प्रश्न पडावा. शिवाय अमेरिकेच्या कच्च्या तेलात कंडेन्सेट (नैसर्गिक वायूसोबत निघणारे अतिशय हलके द्रव तेल) धरलेले असते आणि ओपेकच्या आकड्यांत नसते, म्हणून दोघांची थेट तुलना टाळावी. पण समायोजनाची ती ओळ निदान छापलेली असते, आणि गेल्या आठवड्याचीही मला पाहता येते. माझ्या टिपणातील मुख्य तक्ता म्हणूनच ईआयएच्या आकड्यांवर चालतो. ओपेकची दोन कोष्टके त्याखाली येतात आणि आयईएच्या विनाशुल्क सारांशातून मी एवढेच पाहतो की दोघांपासून तो किती दूर आहे.