जुन्या बोटीचं इंजिन: बनवून घ्यायचं की नवं घालायचं?

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, बोटी शाकारलेल्या. बोटीत जुनं सहा सिलिंडरचं लेलँड कंपनीचं डिझेल इंजिन असलेल्या नाखव्याला (बोटवाल्याला) याच दिवसांत ठरवावं लागतं. माझं मत आधीच सांगतो: ब्लॉक (इंजिनाचा मूळ ओतीव सांगाडा) आणि क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) धड असेल तर इंजिन बनवून घ्या, म्हणजे खोलून झिजलेले भाग बदलून घ्या, आणि वाचलेला पैसा वायरिंगमध्ये घाला. कुजलेल्या वायरिंगवर कोरं इंजिन बसवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

काळा धूर येतो म्हणून इंजिन गेलं असं होत नाही. डिझेल फवारणारं नोझल, तुंबलेला एअर फिल्टर, बोट ढकलणाऱ्या पंख्यात गुंतलेलं जाळं, यापैकी काहीही असेल. निळा धूर आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोराने फुफाटा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि पिस्टन ज्यात फिरतो ते लायनर संपले, पण तेही बदलता येतात. खरा निकाल लागतो ब्लॉकवर. इंजिनात थेट समुद्राचं पाणी फिरत असेल तर लायनर काढल्यावर वॉटर जॅकेटमध्ये (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत) टॉर्चचा उजेड पाडून बघा. लायनर बसतो त्या कडा खाऱ्या पाण्याने खाल्ल्या असतील तर इंजिन बनवण्याचा खर्च करू नका. हीट एक्स्चेंजरमुळे (समुद्राचं पाणी बाहेरून आतल्या पाण्याला गार करतं) आत गोडं पाणी फिरत असेल, तर ब्लॉक बहुधा चांगला निघतो. क्रँक आधी दोन-तीनदा ग्राइंड झाली, म्हणजे घासून बारीक केली असेल, तर पुढच्या मापाचं बेअरिंग मिळतं का हे आधी विचारा.

नवं इंजिन घेताना लोक फक्त इंजिनाची किंमत धरतात. इंजिन बसतं ते फाउंडेशन बदलतं, गिअरचं रेशो बदललं की पंखाही बदलतो, नोंदणीच्या कागदांवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो. शिवाय लाकडी बोट किनाऱ्यावर असताना केलेलं अलाइनमेंट (इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आणणं) पाण्यात टिकत नाही, कारण सांगाडा थोडा वाकतो. बोट तरंगायला लागल्यावर कपलिंग (इंजिन आणि दांड्याचा जोड) सोडून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंची फट परत मोजायलाच हवी. हे न केल्याने स्टर्न ट्यूबचं (दांडा बोटीबाहेर जातो त्या नळीचं) बेअरिंग लवकर झिजतं.

आता वायरिंग. इथे तुकडा जोडून भागवणं आणि सगळी वायर नव्याने ओढणं, यात मी डोळे झाकून दुसरं निवडेन. इन्सुलेशन खरवडून बघा: तांबं काळं-हिरवं पडलं असेल तर गंज वायरच्या आत पुढे गेलाय, टोकाला नवा लग (जोडणीचा तुकडा) लावून काही उपयोग नाही. कलई केलेल्या तांब्याची वायर महाग पडते, पण खाऱ्या हवेत तीच टिकते. जाडीतही काटकसर नको. २.५ चौरस मिमीच्या वायरीतून १० अँपिअर, जाऊन-येऊन २० मीटर नेले तर साधारण १.४ व्होल्ट वाटेतच जातात. २४ व्होल्टवर ते निभावतं, १२ व्होल्टवर दिवे मंदावतात.

सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) जड फिरतोय म्हणून बॅटरी बदलण्याआधी एक करा. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा, मग सेल्फच्या टोकांवर. फरक एका व्होल्टच्या वर असेल तर बॅटरी ठेवा, केबल आणि अर्थिंग बदला.