खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर : एका मार्गदर्शित सहलीचा अभिप्राय
कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी असलेले हे शिलाहारकालीन शिवमंदिर आम्ही एका मार्गदर्शित सहलीतून पाहिले. मार्गदर्शकांनी सर्वाधिक वेळ स्वर्गमंडपाला दिला, आणि तो निर्णय अगदी योग्य होता. मुख्य मंदिरापुढील या खांबांच्या मंडपाचे छत मधोमध वर्तुळाकार उघडे ठेवलेले असून त्याच्या बरोबर खाली गोल शिळा बसवलेली आहे, त्यामुळे दगडी बांधकामाच्या आत आकाशाचा तुकडा उतरल्याचा भास होतो. बाह्य भिंतींखालच्या गजपीठावरील हत्तींची रांगही त्यांनी सावकाश दाखवली. दक्षिण बाजूचा, यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा संस्कृत शिलालेख मात्र केवळ बोट दाखवून उरकण्यात आला. मंदिराला दिलेल्या दानाची ती नोंद असल्याने तेथे पाच मिनिटे तरी थांबायला हवे होते. गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगे आहेत, समोर नंदी नाही, आणि त्यामागची दक्षयज्ञाची कथा (इतिहास म्हणून नव्हे, कथा म्हणून) रंगवून सांगितली गेली. शिल्पकलेची आवड असणाऱ्यांनी ही सहल जरूर करावी, परंतु शिलालेखाबद्दल स्वतःहून विचारावे.