झ्लाटन की लार्सन, आधी कुणाच्या मॅच बघायच्या?

स्वीडनचा एकच स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा खेळाडू, नीट बघायचाय आणि वेळ थोडाच आहे, तर झ्लाटन इब्राहिमोविच घ्यायचा की हेन्रिक लार्सन? नाव कुणाचं जास्त गाजलं यात वादच नाही, झ्लाटनचंच. माल्मोच्या रोसेनगार्ड वस्तीतला पोरगा, लहानपणी तायक्वांडो खेळलेला, आणि ते त्याच्या गोलमधे चक्क दिसतं. 2012 ला इंग्लंडविरुद्ध चारही गोल यानेच मारले, त्यातला शेवटचा तर काय सांगू, गोलकीपर जो हार्ट पुढे येऊन डोक्याने बॉल बाहेर काढतो आणि हा गोलकडे पाठ करून उभा, अंतर जवळपास 27 मीटर, तिथूनच हवेत आडवा होऊन मारतो आणि बॉल हार्टच्या डोक्यावरून जाळ्यात. स्वीडनसाठी 122 मॅचमधे 62 गोल, देशाचा रेकॉर्ड. फक्त चॅम्पियन्स लीग, युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, त्याला कधीच मिळाली नाही.

लार्सनला ती मिळाली, आणि माझं मत इथेच ठरतं. 2006 ची पॅरिसची फायनल, बार्सिलोना आर्सेनलच्या मागे 1-0, आर्सेनलचे दहाच जण उरलेत तरी गोल होत नाहीये, 61 व्या मिनिटाला लार्सन येतो. इनिएस्टाचा पास येतो, हा थांबवत पण नाही, नुसता पाय लावून साथीदार एटोकडे वळवतो, गोल. पाचेक मिनिटांनी बेलेट्टीला पास, परत गोल. स्वतःच्या नावावर एकही नाही पण मॅच याने फिरवली. त्याआधी ग्लासगोच्या सेल्टिक क्लबमधे 7 वर्षं, 242 गोल, मधे 1999 ला पाय मोडला तरी परत येऊन 2000-01 ला लीगमधे 35 गोल मारून युरोपातल्या लीगमधल्या सर्वोत्तम गोल मारणाऱ्याला मिळणारा गोल्डन शू घेतला.

प्रेमाचं म्हणाल तर सेल्टिकवाले आजही लार्सनला 'किंग ऑफ किंग्ज' म्हणतात. झ्लाटन जगभर लाडका, पण माल्मोत 2019 ला पुतळा उभा राहिला आणि पुढच्याच महिन्यात त्याने माल्मोच्या क्लबचा प्रतिस्पर्धी असलेल्या स्टॉकहोमच्या हॅमरबी क्लबमधे हिस्सा घेतला, लोक इतके भडकले की नाक कापलं, शेवटी पुतळा पायातूनच पाडला. माझ्या जिवाला ते फार लागलं होतं, एवढा मोठा प्लेअर आणि स्वतःच्याच गावात असं.

तर फुटबॉल नव्याने बघायला लागला असाल, किंवा घरातल्या पोराला नाद लावायचा असेल, तर झ्लाटनपासून सुरू करा, तो इंग्लंडवाला गोल एकदा पाहिला की पोरगं टीव्हीसमोरून हलत नाही. पण स्वतः पुढच्या फळीत खेळत असाल, बॉल पायात नसताना कुठे पळायचं ते शिकायचं असेल, तर लार्सनच, आणि ती फायनल 61 व्या मिनिटापासून लावा, बॉल सोडून फक्त त्याच्यावर नजर ठेवा. वेळ मिळाला तर 2004 चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, पण बघा, तिथे दोघं एकत्र आहेत, बल्गेरियाविरुद्ध लार्सनने झेप घेऊन मारलेला हेडर आणि इटलीविरुद्ध झ्लाटनचा टाचेने मारलेला गोल, दोन्ही एकाच स्पर्धेत.