डेली की मंथली? आधी होस्टेलचं बेसिन बघा

कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायला दुकानात गेलात की पहिला प्रश्न ठरलेला: डेली (एक दिवस घालून फेकायची) की मंथली (महिनाभर वापरायची)? बहुतेक विद्यार्थी किंमत ऐकून मंथली उचलतात. तिच्यासोबत डबी येते आणि खरी भानगड त्या डबीतच आहे.

मंथली लेन्स रोज रात्री तळहातावर घेऊन सोल्यूशनने (लेन्स निर्जंतुक करायच्या द्रवाने) चोळायची, धुवायची, मग ताज्या सोल्यूशनात बुडवायची. सकाळी डबी रिकामी करून सोल्यूशननेच विसळायची आणि उघडी, पालथी वाळवायची. तीन महिन्यांनी डबी फेकायची. हे सगळ्यांना माहीत असतं. परीक्षेच्या आठवड्यात मात्र रात्री दोनला कालच्याच सोल्यूशनावर चार थेंब टाकले जातात आणि झाकण लागतं. जुन्यात नवं मिसळलं की जंतू मारायची ताकद उतरते. २००६ साली बॉश अँड लॉम्ब कंपनीचं एक सोल्यूशन डोळ्यांतल्या फ्युझॅरियम बुरशीच्या संसर्गामुळे जगभरातून मागे घेतलं गेलं. अमेरिकेत झालेल्या तपासात रुग्णांमध्ये ही ‘वरून भर’ घालायची सवयही जास्त आढळली होती.

दुसरा घोळ पाण्याचा. नळाच्या, टाकीच्या पाण्यात अकांथामिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. तो बुबुळाला चिकटला तर उपचार महिनोन्महिने चालतात. बाटलीबंद पाणीही नको, आणि सलाइनने (मिठाच्या पाण्याने) लेन्स धुतली जाते, निर्जंतुक होत नाही.

डेलीत डबी नाही, सोल्यूशन नाही. संध्याकाळी काढली की कचऱ्यात. हात साबणाने धुऊन कोरडे करणं मात्र सुटत नाही. तिचा सापळा वेगळा: ‘एवढी महागाची, उद्या परत लावू.’ तसं करणार असाल तर डेली घेऊच नका.

पैशाचं गणित दिसतं तितकं सरळ नाही. मंथलीचा महिना सील फोडल्या दिवसापासून मोजतात, मग ती आठच दिवस घाला. महिन्यातून आठ दिवस लेन्स लागत असेल तर डेलीच्या सोळा लेन्स पुरतात. तिथे मी डोळे मिटून डेली घेईन. रोज कॉलेजला घालायची असेल तर डेली खिशाला जड जाते, आणि सिलिंडर नंबर (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा) असेल तर आणखीच. मग मंथली घ्या, पण डबीची शिस्त पाळणार असाल तरच. नाहीतर चष्मा बरा.

लेन्स घालून दुपारची डुलकी दोन्हींत वर्ज्य. डोळा लाल झाला, उजेड खुपू लागला तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. काढलेली लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या; तपासणीला लागते.