पासवर्ड कुठे ठेवायचे? डोक्यात, वहीत, ब्राउझरमध्ये की मॅनेजरमध्ये?

किमान आठ अक्षरं, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, शिवाय मागचे पासवर्ड चालणार नाहीत. साइटच्या या अटींना वैतागून बहुतेक जण एकच तोडगा काढतात. सगळ्या अटींत बसेल असा एक भारी पासवर्ड बनवायचा आणि तोच मेल, बँक, रेल्वे बुकिंग, शाळेचं ॲप असा सगळीकडे लावायचा. या तोडग्यात खरा धोका आहे. म्हणून खालचे पर्याय मी एकाच कसोटीवर तोलले आहेत: प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवणं या पद्धतीने रोजच्या व्यवहारात खरोखर जमेल का?

मजबूत की वेगळा?

मजबूत आणि वेगळा या दोन अटी दोन निराळ्या चोऱ्यांसाठी आहेत. जबाबदार साइट तुमचा पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. त्यावर गणिती प्रक्रिया करून तयार झालेला हॅश साठवते. हॅशवरून उलट मूळ शब्द काढता येत नाही, पण अंदाज करून ताडून पाहता येतो. चोराच्या हाती हॅशची यादी लागली, की तो आधी ठरलेले पासवर्ड ताडतो: 123456, देवाचं नाव आणि पुढे 123, मुलाचं नाव आणि जन्मसाल. मग अक्षरांच्या उरलेल्या सगळ्या जुळण्या. फक्त लहान इंग्रजी अक्षरांच्या आठ अक्षरी जुळण्या साधारण 20,882 कोटी होतात. आकडा मोठा वाटतो, पण हॅश जुन्या, वेगवान पद्धतीचा असेल तर एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज करतं आणि हे सगळं काही मिनिटांत उरकतं. पुढच्या प्रत्येक अक्षरागणिक काम 26 पट वाढतं. त्यामुळे मजबुतीचं खरं माप लांबी हे आहे, एखादं @ नव्हे. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही 2017 मध्ये चिन्हं-आकड्यांची सक्ती आणि ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणं, दोन्ही सोडून द्यायला सांगितलं. फुटल्याची शंका आली तर मात्र लगेच बदलायचा.

दुसऱ्या चोरीत अंदाज लागतच नाही. एका साइटवरून फुटलेली ईमेल-पासवर्डची जोडी दुसऱ्या शेकडो साइटवर आपोआप लावून पाहिली जाते. 23अँडमी या डीएनए तपासणी कंपनीत 2023 मध्ये हेच घडलं. दुसरीकडे फुटलेले पासवर्ड लावून सुमारे 14,000 खात्यांत शिरकाव झाला आणि नातेवाईक शोधण्याच्या सोयीमुळे त्यातून जवळपास 69 लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्यातल्या बहुतेकांच्या स्वतःच्या पासवर्डला कुणी हातही लावला नव्हता.

कलोनियल पाइपलाइनचं प्रकरण मला याहून बोलकं वाटतं. मे 2021 मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी ही मोठी वाहिनी बंद ठेवावी लागली. हॅकर एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची वाट) खात्यातून आत आले. त्या खात्याला पासवर्डशिवाय दुसरी पायरी, म्हणजे फोनवर येणाऱ्या कोडसारखी तपासणी, नव्हती. पासवर्ड गुंतागुंतीचा होता, असं कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटपुढे सांगितलं. पण तोच पासवर्ड आधी फुटलेल्या पासवर्डांच्या गठ्ठ्यात सापडला, आणि त्या कर्मचाऱ्याने तो दुसरीकडेही वापरला असावा असं तपास करणाऱ्यांचं मत होतं. म्हणून दोन्हींतलं एकच जमणार असेल, तर मी वेगळेपणाच्या बाजूने आहे.

डोक्यात

यात खर्च नाही, आणि फोन हरवला तरी काही बिघडत नाही. पण पन्नास-साठ वेगवेगळे पासवर्ड कुणालाही पाठ राहत नाहीत, आणि मग माणूस साचा बनवतो. 'कोकण@77' हा मूळ शब्द आणि पुढे साइटचं नाव: 'कोकण@77फेसबुक', 'कोकण@77बँक'. एक जरी फुटला तरी बाकीचे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात. हा वेगळेपणा निव्वळ दिखाऊ आहे.

डोक्यात दोन-तीनच ठेवावेत, आणि ते लांब असावेत. एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द, 'विळी कंदील सोलापूर गवार पिंप उंबरठा' या धर्तीचे (हेच छापलेले वापरू नका), पाठ व्हायला सोपे आणि अंदाज करायला फार अवघड. शब्द मनाने सुचवू नका, कारण मन नेहमीच्या वाटेनेच जातं. डाइसवेअर पद्धतीत 7,776 शब्दांच्या यादीतून प्रत्येक शब्दासाठी पाच वेळा फासा टाकून निवड करतात. तसं नाही तर शब्दकोश डोळे मिटून उघडा. अभंगाची किंवा गाण्याची ओळ नको, प्रसिद्ध ओळी चोरांच्या यादीतही असतात. मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करणार असाल तर स्पेलिंग आधीच पक्कं करा. 'विळी'च्या शेवटी एक आय की दोन ई, हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

वहीत

'पासवर्ड लिहून ठेवू नका' हा सल्ला ऑफिसात बरोबर आहे, कारण तिथे मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी येणारे-जाणारे सगळे वाचतात. घरी प्रकरण वेगळं आहे. तुमच्या खात्यांवर फुटक्या याद्या चालवून पाहणारा माणूस दुसऱ्या देशात बसलेला असतो, त्याचा हात तुमच्या कपाटापर्यंत पोचत नाही. आई-वडील स्मार्टफोन जेमतेम वापरत असतील, तर त्यांच्यासाठी कपाटातली वही हा मला खरोखर चांगला पर्याय वाटतो. पासवर्ड वेगळे राहतात, आणि घरात कुणाचं काही बरंवाईट झालं तर विम्याचं, पेन्शनचं खातं उघडायला कुटुंबाला धावाधाव करावी लागत नाही.

पथ्यं मात्र पाळावी लागतात. वहीवर 'पासवर्ड' असं नाव नको, आणि पानांचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही. बँकेच्या पासवर्डची शेवटची चार-पाच अक्षरं लिहू नका, तेवढी पाठ ठेवा. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन तर वहीत नकोच. घरात भाडेकरू, कामाची माणसं यांची ये-जा असेल किंवा घरातल्याच कुणाची भीती असेल, तर वही बाद.

ब्राउझरमध्ये

क्रोम, सफारी आणि फायरफॉक्स पासवर्ड सुचवतात, साठवतात आणि भरतातही. सुरुवात करायला याहून सोपं काही नाही. इथे आणखी एक फायदा मिळतो, त्याची चर्चा कमी होते. ब्राउझर पासवर्ड भरताना साइटचा पत्ता अक्षरशः ताडून पाहतो. बँकेसारखी दिसणारी खोटी साइट एसएमएसमधल्या लिंकवरून उघडली, की माणूस लोगो बघून फसतो, ब्राउझर मात्र रकाने रिकामे सोडतो. नेहमी आपोआप भरणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर तिथेच थांबून पत्ता वाचायचा. वहीतून किंवा डोक्यातून टाइप करणाऱ्याला हा इशारा मिळत नाही.

उणी बाजू अशी, की सगळं एका गूगल किंवा ॲपल खात्यावर टेकलेलं असतं. आणि घरातला कॉम्प्युटर सगळे एकाच लॉगिनने वापरत असतील, तर तुमची सगळी खाती सगळ्यांना उघडी.

मॅनेजरमध्ये

पासवर्ड मॅनेजर म्हणजे तुमचे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत साठवणारं ॲप. बिटवॉर्डन, वनपासवर्ड, कीपास ही त्यातली नावाजलेली नावं. एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा, बाकीचे वीस-वीस अक्षरांचे पासवर्ड ॲप बनवतं आणि कुठल्याही ब्राउझरमध्ये, फोनवर भरतं. बिटवॉर्डनच्या फुकट योजनेत पासवर्डांच्या संख्येवर मर्यादा नाही. कीपासची फाइल तुमच्याच मशीनवर राहते, मात्र तिची प्रत काढून ठेवणं तुमच्याच अंगावर.

'सगळी अंडी एकाच टोपलीत' ही शंका रास्त आहे. 2022 मध्ये लास्टपास या मॅनेजर बनवणाऱ्या कंपनीतून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण साइटचे पत्ते उघडे होते, आणि ज्यांचा मुख्य पासवर्ड कमजोर होता त्यांची तिजोरी चोराला निवांत बसून फोडता येणार होती. त्यामुळे मॅनेजर घ्यायचा तर मुख्य पासवर्ड वर सांगितल्यासारखा सहा शब्दांचा हवा आणि तो दुसरीकडे कुठेही नको. तो विसरलात तर बहुतेक कंपन्या तिजोरी उघडून देऊ शकत नाहीत. म्हणून तेवढा एक कागदावर लिहून लॉकरमध्ये ठेवा.

पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी तुमच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली, हा नवा पर्याय; गूगलने तो 2023 पासून आपल्या खात्यांसाठी सुरू केला. बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या पिनने लॉगिन होतं आणि खोट्या साइटला देण्यासारखं काही हातात राहतच नाही. जिथे मिळेल तिथे घ्या. अजून सगळीकडे मिळत नाही, म्हणून वरच्यांपैकी एक पद्धत लागेलच.

कुणी काय घ्यावं?

ऑफिसचं आणि घरचं मिळून दहा-पंधराच्या वर खाती असतील, तर मॅनेजर. एकच फोन, त्यावरच सगळं आणि लॉक चांगलं, तर ब्राउझर पुरेसा. स्क्रीनचा त्रास होणाऱ्यांसाठी वही. डोक्यात फक्त मेलचा, फोन किंवा कॉम्प्युटर उघडण्याचा आणि मॅनेजरचा.

पद्धत कुठलीही घ्या, काम मेलपासून सुरू करा, कारण बाकी बहुतेक खात्यांचा पासवर्ड बदलायची लिंक मेलवरच येते. मेलचा पासवर्ड नवा आणि लांब करा, टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी पायरी) चालू करा, आणि त्या वेळी मिळणारे बॅकअप कोड छापून बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवा. मग बँक, मग जिथे कार्ड साठवलं आहे ती दुकानं. उरलेली खाती जसजशी उघडाल तसतशी बदलत गेलात तरी चालेल.