ड्रेक पॅसेजचा दिवस: पैसे भरून हेलकावे खायचे का?

अंटार्क्टिका सफरीच्या जाहिरातीत पेंग्विन असतात. पण अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघणाऱ्या नेहमीच्या दहा-अकरा दिवसांच्या सफरीत जाताना दोन आणि येताना दोन, असे जवळपास चार दिवस नुसत्या पाण्याचे असतात. म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा तरी ड्रेक पॅसेजच्या खात्यात जातो. हा दिवस जहाजावर कसा सांभाळतात त्यावरून कंपनी पारखावी, कारण पेंग्विन सगळ्यांना सारखेच दिसतात.

ड्रेक पॅसेज म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न आणि अंटार्क्टिकाजवळची दक्षिण शेटलंड बेटं यांच्यातला सुमारे 800 किलोमीटर समुद्र. तो ओलांडायला 36 ते 48 तास लागतात. या अक्षांशांवर पृथ्वीला पूर्ण वळसा घातला तरी वारा अडवायला कुठे जमीन नाही, म्हणून लाटा इथे मोकाट वाढतात. शांत असला तर ‘ड्रेक लेक’, खवळला तर ‘ड्रेक शेक’. यातलं तुमच्या वाट्याला काय येणार, हे बुकिंग करताना सांगणारा एजंट थापा मारतोय असं समजा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या बोट लागण्याच्या बाबतीत. जहाज साधारण संध्याकाळी सुटतं आणि पहिले काही तास बीगल खाडीतल्या शांत पाण्यातून जातं. जेवण छान होतं, लोक गोळीचं विसरतात. मध्यरात्रीच्या सुमारास खुला समुद्र लागतो आणि पहाटे खोलीतल्या कागदी पिशव्या शोधायची वेळ येते. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. मग जहाजावरच्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेणं हाच मार्ग उरतो. म्हणून पहिली गोळी खाडीत असतानाच घ्यायची. आपल्याकडे मिळणाऱ्या अव्होमिन किंवा स्टुजेरॉनने बहुतेकांचं काम भागतं, पण झोप येते; कोणती आणि किती हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी तीन दिवस चालते, पण तोंड कोरडं पडतं, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावी. पट्टी लावल्यावर हात धुवा. तेच बोट डोळ्याला लागलं तर नजर अंधुक होते. सोबत आलेपाक जरूर असू द्या, पण त्याला गोळीचा पर्याय समजू नका. पोट रिकामं ठेवणंही चूकच: कोरडी बिस्किटं, खाकरा, हिरवं सफरचंद थोडंथोडं खात राहावं.

खोलीचं गणित गमतीशीर आहे. वरच्या मजल्यावरची महागडी बाल्कनीवाली खोली ड्रेकमध्ये सर्वात जास्त झुलते. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची स्वस्त खोली सर्वात कमी. फक्त खवळलेल्या समुद्रात खालच्या गोल खिडक्यांवर लोखंडी झाकणं लावतात, मग खोलीत काळोख. जहाजाला स्टॅबिलायझर आहेत असं माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापतात. त्यांनी डावी-उजवीकडचं झुलणं कमी होतं. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर उचलून खाली आपटते ते नाही. झोपेत घरंगळू नये म्हणून लाइफ जॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली सारायचं, म्हणजे अंग भिंतीकडे कलतं. कॅमेरा टेबलावर न ठेवता जमिनीवर ठेवा. चालताना एक हात कायम कठड्याला, आणि दाराच्या चौकटीवर बोटं कधीच टेकवू नका. दार धाडकन मिटतं तेव्हा बोटं चिरडतात.

आता दिवसभराचं काम. हो, कामच असतं, आणि इथेच चांगलं जहाज ओळखू येतं. सकाळी आयाटो या पर्यटन संघटनेच्या नियमांचं सत्र असतं. ते चुकवलं तर किनाऱ्यावर उतरायला मिळत नाही. पेंग्विनपासून किमान 5 मीटर, फर सीलपासून 15 मीटर. एका जागी एका वेळी जास्तीत जास्त 100 प्रवासी. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी विचारायचा खरा प्रश्न एकच: जहाजावर प्रवासी किती? शंभरच्या आत असतील तर सगळे एकदम उतरतात, दोनशे असतील तर पाळ्या लागतात, पाचशेच्या वर असतील तर कोणीच उतरत नाही. हे पुष्कळांना जहाजावर चढल्यावर कळतं.

त्यानंतर कपड्यांची तपासणी. खिसे, पिशव्या, ट्रायपॉडचे पाय, बुटांचे तळ सगळं व्हॅक्यूमने साफ करायचं आणि वेलक्रोमधलं एकेक बी चिमट्याने काढायचं. सह्याद्रीत वापरलेली पँट आणि सॅक घेऊन येणाऱ्यांचा इथे तास मोडतो, कारण कुसळं शिवणीत घुसून बसलेली असतात. घरूनच काढून आणा. हा छळवाद नाही: दक्षिण शेटलंडमधल्या किंग जॉर्ज बेटावर पोआ अॅनुआ नावाचं परकं गवत आधीच रुजलंय. बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू 2024 च्या सुरुवातीला अंटार्क्टिक द्वीपकल्पावर सापडल्यापासून किनाऱ्यावर बसणं, गुडघे टेकणं, बॅग खाली ठेवणंही बंद आहे. ही तपासणी कोणी दहा मिनिटांत उरकत असेल तर त्या जहाजाचे गुण कापावेत. उसने गमबूटही याच दिवशी मिळतात. जाड मोजे घालूनच माप बघा, नंतर साइझ शिल्लक नसते.

व्याख्यानं बहुधा इंग्रजीत, आणि दिवसाला तीन-चार. ती खोलीतल्या टीव्हीवर दाखवतात का हे आधी विचारून ठेवा, कारण आडवं पडलेल्या माणसाला तोच आधार. कप्तानाची ब्रिज, म्हणजे जहाज हाकायची खोली, प्रवाशांना खुली असेल तर मात्र व्याख्यान सोडून तिकडे जावं.

दिवसाचं खरं मोल मागच्या डेकवर वसूल होतं. भटका अल्बाट्रॉस हा समुद्रपक्षी, पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत, जहाजामागून तासन्‌तास पंख न हलवता येत राहतो. लाटेजवळचा मंद वारा आणि वरचा जोराचा वारा यांच्यातल्या फरकावर तो उडतो. म्हणजे ज्या वाऱ्याने आपलं पोट ढवळतं, तोच त्याचं इंधन. फोटोसाठी शटर 1/1600 सेकंद किंवा त्याहून जलद. वादळात डेक बंद करतात तेव्हा हे सगळं काचेआडून, आणि काचेवर मीठ. त्याला इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी केव्हातरी पाण्याचं तापमान पाच-सहा अंशांवरून दोनच्या खाली येतं आणि धुकं दाटतं. हीच अंटार्क्टिक अभिसरण रेषा, म्हणजे दक्षिणेचं गार पाणी उत्तरेच्या उबदार पाण्याला भेटतं ती जागा. पडद्यावरचा तापमानाचा आकडा बघत राहा.

जेवणात शाकाहारी मिळतं. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळी लेखी कळवा, समुद्रात कांदा-लसणाशिवायचा डबा येणार कुठून? आणि एक नेहमीची निराशा: ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली संशोधन केंद्रं या वाटेवर नाहीत. ती खंडाच्या दुसऱ्या अंगाला, हजारो किलोमीटर लांब आहेत.

ज्यांना हेलकावे नकोतच, त्यांच्यासाठी चिलीतल्या पुंता अरेनासहून किंग जॉर्ज बेटापर्यंत दोन तासांचं विमान आहे. पण तिथल्या धुक्याने विमानं खोळंबतात, म्हणून हातात दोन दिवस राखून ठेवावे लागतात. अल्बाट्रॉस हुकतो तो वेगळाच.

परतीच्या दोन दिवसांना निम्मेच गुण. बूट परत करणं, बिल चुकतं करणं, फोटोंची देवाणघेवाण, संपलं. गोळी मात्र परतीलाही लागतेच: शेवटच्या लँडिंगनंतर, जहाज बेटांच्या आडोशातून बाहेर पडायच्या आधी.